तांबडा तळवा

प्रयोगशाळेत तिला सगळे कोरडेबाई म्हणत. नव्या माणसाला ते आडनावच वाटायचं. एकाने तर तिच्या टपालावरही तेच लिहून टाकलं होतं. पण आडनाव वेगळं, हे नाव पडलं ते तिच्या सवयीमुळे. सकाळी दार उघडलं की नमस्कार-चमत्कार राहिले बाजूला, बाईंचा पहिला सवाल ठरलेला: "हवा कोरडी आहे ना?"

आता विचारायला कारणही तसंच होतं. ती ज्या लहरींवर काम करायची त्यांना टेराहर्ट्झ म्हणतात. मोबाईल ज्या लहरींवर बोलतो त्यांच्या कितीतरी वरच्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाच्या खालच्या. ना इकडच्या ना तिकडच्या. कापडातून जातात, पुठ्ठ्यातून जातात, प्लॅस्टिकमधून जातात, आणि एक्स-रेसारखा अंगाला अपायही करत नाहीत. अगदी गुणी लेकरं. खोड एकच, पाणी भेटलं की तिथेच बसकण मारायची! साध्या दमट हवेनेसुद्धा त्यांचा जीव अर्धा होतो.

तरुणपणी ती बिनतारी संदेशांच्या गटात होती. समोरासमोरच्या दोन इमारतींच्या गच्च्यांवर दोन यंत्रं, मधे नुसती हवा, आणि त्या हवेतून अख्खा सिनेमा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पलीकडे पोचवायचा, असा बेत. मोठमोठे पाहुणे जमले आणि नेमकं पलीकडे काही पोचेना. इकडचे तिकडच्यांना बोल लावतायत, तिकडचे इकडच्यांना. नाचता येईना अंगण वाकडं! हिने मात्र कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. कॅन्टीनच्या खिडकीतून वाफेचा लोट सरळ वर येत होता, दोन यंत्रांच्या बरोबर मधोमध. पाहुण्यांसाठी चहाचं भलंमोठं पातेलं चढवलेलं. ही जिन्याने धावत गेली आणि शेगडीच बंद केली. त्या दिवशी पाहुण्यांना सिनेमा दिसला, चहा काही मिळाला नाही. आचारी पुढे कित्येक वर्षं तिच्याशी घुश्शातच बोलायचा.

पण बाईही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ज्या पाण्याने छळलं त्यालाच तिने कामाला लावायचं ठरवलं. या लहरी पाण्यापाशी अडतात ना? मग कुठे किती पाणी आहे हे त्यांनाच विचारू की! तिने गट बदलला आणि माणसाच्या तळपायाची चित्रं काढायला सुरुवात केली.

तळपायच का, तर साखरेच्या आजाराने पायाच्या नसा हळूहळू मरतात. नसा मेल्या की घाम येत नाही, तळवा आतून वाळत जातो, आणि मग पायाला काही कळेनासं होतं. खडा टोचला तरी कळत नाही, जखम चिघळली तरी कळत नाही. कळतं तेव्हा डॉक्टर बोट कापायचं म्हणत असतात, नाहीतर पाऊलच. हे वाळणं आधीच दिसलं तर पाय वाचेल, एवढी साधी गोष्ट सिद्ध करायला तिने उभी हयात घालवली. पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीवर पाऊल टेकवायचं, खालून लहरी सोडायच्या, परत येतील त्यांचं चित्र पडद्यावर. पाणी असेल तिथे निळं, वाळलेलं असेल तिथे तांबडं.

त्यात एक नियम तिचाच होता. माणसं बाहेरच्या खोलीत ऑपरेटर बाईंकडे यायची, ऑपरेटर त्यांना आजार आहे की नाही विचारून गट ठरवायची आणि चित्र काढायची. कोरडेबाई पार्टिशनच्या आत बसायची. तिच्यापुढे नुसतं पायाचं चित्र आणि त्याचा गट यायचा, नाव ऑपरेटरच्या वहीतच राहायचं. "हा तळवा तुमचा हे आत कुणालाही कळणार नाही," असा शब्द प्रत्येकाला दिलेला असायचा. कारण खरं सांगितलं तर नोकरी जाईल म्हणून माणसं खोटं बोलतात, हे तिला ठाऊक होतं. किती जवळून कळायचं होतं ते पुढे येईलच.

घरी तिला कुणी बाई म्हणत नसे. दादासाठी ती अजून टिल्लूच. आई-वडील लवकर गेले, तेव्हा दादाने शिक्षणावर पाणी सोडलं, गाडी चालवायला शिकला आणि बहिणीचं शिक्षण पुरं केलं. पुढे बसचा ड्रायव्हर झाला तो झालाच. टिल्लू शाळेत असताना तो तिला सायकलवर मागे बसवून न्यायचा. एकदा उतारावर तिचा पाय चाकाच्या तारांत जायला लागला, तेव्हा त्याने मागचापुढचा विचार न करता स्वतःचा उजवा पाय मधे घातला. तिचा पाय वाचला. त्याची करंगळी मात्र मोडली आणि वेडीवाकडी जुळून शेजारच्या बोटावर चढून बसली ती कायमची. वहिनी थट्टेने म्हणायची, "ह्यांची करंगळी तेवढी वरच्या मजल्यावर राहते."

त्या वर्षी अभ्यास अडला तो निरोगी माणसांवाचून. आजारी पाय भरपूर होते. त्यांच्याशी ताडून बघायला साखर नसलेले, पण वयस्कर पाय हवे होते. दादाकडे जेवताना ती कुरकुरली, "दुखणाईत येतात गं वहिनी, धडधाकट माणूस कशाला येईल? गट भरला नाही तर आमचे प्रयोगशाळेचे सर काम बंद करतील. एवढी वर्षं मातीत." वहिनी हळहळली. दादा मान खाली घालून जेवत राहिला.

पुढच्याच आठवड्यात निरोगी गटातलं एक चित्र तिच्या पडद्यावर उमटायला लागलं. आधी टाच, मग पायाची कमान. टाच तांबडी. चवडा त्याहून तांबडा. इतका वाळलेला तळवा आजाऱ्यांच्या गटातही क्वचित दिसायचा. "मशीन बिघडलं वाटतं," ती स्वतःशी म्हणाली, आणि तेवढ्यात बोटं उमटली. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

तिचा हात माऊसवर तसाच राहिला. पार्टिशनपलीकडे कुणीतरी बूट चढवत होतं. खाकरण्याचा आवाजही ओळखीचा. उठून दार उघडावं आणि म्हणावं, दादा, अरे हे काय! पण ती उठली नाही. कसं उठणार? शब्द दिलेला होता, आणि तो तिनेच दिलेला होता.

सरांनी चित्र पाहिलं आणि ओठ मुडपले. "निरोगी माणसाचा तळवा असा असेल का? हवेत ओल शिरली असेल नाहीतर पट्टी खराब असेल. काढून टाका हे."

"तपासते," ती म्हणाली.

आणि तिने खरंच तपासलं. कोरड्या हवेची नळी पाहिली, पट्टी बदलली, आरसे पुसले, स्वतःचा पाय ठेवून पाहिला, ऑपरेटरचा पाहिला. सगळे पाय जिथल्या तिथे निळे. आयुष्यभर यंत्रात खोट सापडू नये म्हणून जपणारी ही बाई त्या आठवड्यात खोट सापडावी म्हणून अक्षरशः नवस बोलायची बाकी होती. खोट कुठली सापडायला? यंत्र सज्जन होतं. खोटं बोलला होता तो दादा.

"चित्र राहील," तिने सरांना सांगितलं.

"अहो, निष्कर्ष बिघडेल त्याने!"

"बिघडू दे." एवढंच म्हणून ती बाहेर पडली, आणि तडक दादाचं घर गाठलं. संशोधक म्हणून तिला तोंड उघडायची सोय नव्हती. पण बहिणीला भावाच्या घरी जायला कुणाची परवानगी लागते?

वहिनी खाटेखाली केरसुणी घालून काहीतरी शोधत होती. "बघ ना, सकाळी ह्यांच्या शर्टाचं बटण तुटलं. टप् करून पडलं ते मी कानाने ऐकलं. घर पालथं घातलं, पण मिळेल तर शप्पथ!"

दादा ड्युटीवरून आला. छातीवर बटणाच्या जागी सेफ्टी पिन. "काय टिल्लू, आज वाट चुकली?" म्हणत त्याने दारातच बूट काढले आणि सवयीने भिंतीशी फेकले. उजवा बूट उलटा पडला. त्यातून बटण निघालं आणि घरंगळत वहिनीच्या पायाशी आलं.

वहिनीला हसू आवरेना. "काखेत कळसा न् गावाला वळसा! अहो, दिवसभर बुटात घालून हिंडलात की काय?" दादाही हसला. टिल्लू हसली नाही. तिने त्याला खुर्चीत बसवलं, खाली बसून मोजा ओढून काढला आणि पाऊल मांडीवर घेतलं.

चवड्यावर बटण उमटलेलं होतं. गोल, चारही भोकांसकट. एका कडेने कातडी फाटून मोजा रक्ताने चिकटला होता.

"दुखतंय?"

"छे, काहीच नाही."

"आता? दाबतेय मी."

"नाही म्हटलं ना! उगाच काय?"

वहिनीचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"दादा," ती म्हणाली, "ह्याच पायाने ब्रेक दाबतोस ना?"

दादाने पाय ओढून घेतला. आणि उसळलाच. "तुझ्या त्या मशीनने चुगली केली वाटतं!"

"मशीनला कुणाचं नाव माहीत नसतं."

"कुठलं मशीन?" वहिनी म्हणाली. "काय लपवताय दोघं माझ्यापासून?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. साखरेचं त्याला कधीपासूनच माहीत होतं. चहा पोटाला बाधतो म्हणून सोडला, हे वहिनीला सांगितलेलं निमित्त. गोळ्या डेपोतल्या कपाटात, तीही लहर लागली तर घ्यायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची! "कळलं असतं तर गाडीवरून उतरवलं असतं," तो म्हणाला. "गाडीशिवाय मला येतंय काय? आणि तुझ्याकडे माणूस कमी पडत होता. म्हटलं, पायच तर ठेवायचाय. माझ्या पायाने तुझं काम होईल."

तिला रडू फुटलं, आणि ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही. "शहाणा आहेस! माझा पाय वाचवायला हा पाय चाकात घातलास तू. आता माझ्याच डोळ्यांदेखत तो गेला तर मी तोंड कुठे लपवू? आणि तुझ्या गाडीत माणसं बसतात रे दादा. लेकुरवाळी माणसं. ब्रेक दाबला गेला की नाही हे तुझ्या पायाला कळत नाही."

शेवटचं वाक्य त्याला लागलं. त्याने पाय पुन्हा पुढे केला. वहिनीने गरम पाणी आणलं, तोंडाने एकीकडे "बोलू नका माझ्याशी" चाललेलं आणि हाताने जखम पुसणं चाललेलं. दुसऱ्या दिवशी दादा डॉक्टरकडे गेला आणि तिथून डेपोत. गाडी सोडली. त्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथे बसून लोकांना बस कुठली सुटली हे सांगणं त्याच्या जिवावर येई. पहिले काही दिवस तो बहिणीशी बोललाही नाही.

जखम भरायला बराच काळ गेला. मग एके दिवशी कोरडेबाई पार्टिशनच्या आत बसलेली असताना बाहेरून खाकरण्याचा आवाज आला.

"बसा काका," ऑपरेटर म्हणाली. "मागे आला होतात ना तुम्ही?"

"आलो होतो. तेव्हा खोटं सांगितलं तुम्हाला. मला साखर आहे, जुनी आहे. ते उत्तर बदला."

"बदलते. मग तुमचं चित्र आजारी गटात जाईल."

"जाऊ दे. आणि पुन्हा काढायचं असेल तर काढा. आता पायाची रोज काळजी घेतो. बायको उभीच असते डोक्यावर."

सर तेव्हा आतच होते. त्यांनी ऐकलं, बाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे ते तांबडं चित्र बरोबर होतं?"

"बरोबरच होतं," ती म्हणाली, आणि पडद्याकडे वळली.

टाच उमटली. चवडा उमटला. तळवा अजून तांबडाच होता. मेलेल्या नसा काही परत येत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तरी ती पडद्यावरून नजर हलवेना. मग बोटं आली, करंगळी आपली वरच्या मजल्यावर. तिने बोटं मोजली. पाच होती. तिने ती पुन्हा मोजली.