गोदावरीच्या पुलावर

नदीच्या गाळाचा ओला वास आला की मला नांदेडचा गोदावरीचा पूल आठवतो. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, पण दुष्काळानं आमच्या विहिरी आटल्या होत्या, म्हणून आईनं मला उन्हाळ्यापुरतं नांदेडला ताईच्या सासरी धाडलं. ताईची नणंद माझ्याच वयाची होती. ताई रोज तिची वेणी घालायची, तिला ‘चिमणे’ म्हणायची, आणि मी भिंतीला टेकून नुसती बघत राहायचे. लग्नाआधी ताईची चिमणी मी होते. एका सकाळी नणंद म्हणाली, “चल, तुला पूल दाखवते.” ती तिच्या लेडीज सायकलवर पुढं, मी तिच्या भावाची उंच सायकल घेऊन मागं. ट्रक गेला की पूल पायाखाली थरथरायचा, आणि खाली खडकांमधून तेवढ्या दुष्काळातही पाणी वाहत होतं. हिला पाणीही आहे आणि ताईही, असं मनात आलं. तिला मागं टाकायचं म्हणून मी जीव तोडून पायडल मारले, तर पुलाच्या मधोमध चेन पडली. ती मागं फिरली, बोटं काळी करत चेन बसवू लागली आणि खाली बघतच म्हणाली, “वहिनी दिवसभर तुझंच सांगून राहते. माझी बहीण अशी अन् माझी बहीण तशी. तू यायच्या आधीपासून मला तुझा लई राग यायचा.” मी म्हणाले, “मलाबी तुझा येतो.” मग आम्ही दोघी शेजारी शेजारी सायकली हाकत घरी आलो. आता ताईला माणसं नीट ओळखू येत नाहीत. परवा माझा हात हातात धरून तिनं मलाच विचारलं, “माझी नणंद कधी येणार हाय?” या वयातही माझ्या पोटात दुखलं.