नाल्यात न टाकलेली बट्टी

आधीच सांगतो, माझ्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी येतं. आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे मेलेल्या माणसांशी माझा रोजचा संबंध... पण त्यातलं कुणी कधी उठून भेटायला आलं नाही. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी चहासोबत हसण्यासाठी वाचत आलोय. आता स्वतःचा लिहितोय. हसा, माझी हरकत नाही.

मी जळगावात पिंप्राळ्याला राहतो. थोरली बहीण — आमची अक्का — रावेरकडे दिलेली, घरची केळीची बाग. गेल्या वर्षी तिची केमो झाली. रिपोर्ट चांगले आले, पण जेवण काही परत आलं नाही. ताट समोर आलं की तोंड फिरवायची. "वास येतो," एवढंच. कसला, ते कधी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, चव येईल हळूहळू. पण वजन असंच उतरत राहिलं तर पुन्हा ॲडमिट करावं लागेल. अक्काने हात जोडले. "आता दवाखाना नको, बापू. मले घरीच मरू दे."

अशात आमच्या वॉर्डातल्या एका भावी नेत्याने, म्हणजे दादासाहेबांनी, 'खान्देश दर्शन' काढलं. ऐतिहासिक शहरं, निसर्गरम्य तीर्थक्षेत्रं, सगळं फुकट. शेवटचा मुक्काम सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका देवीचा होता. अक्काला तिथे जायचंच होतं. म्हणून मी सोबत गेलो.

बसवर दादासाहेबांचा फोटो, पाण्याच्या बाटलीवर फोटो, पेपर नॅपकिनवरही फोटो — त्यामुळे तोंड पुसताना निदान समाधान मिळायचं. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यावर, गुटख्याच्या पिंकांनी रंगलेल्या तटासमोर, 'आपला वारसा' यावर भाषण झालं. दादासाहेब पहिल्या टाळीला थांबले आणि त्याच तटावर थुंकले. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम खरंच सुंदर आहे; फक्त काठावरचे निर्माल्याचे प्लास्टिक आणि लहान मुलांचे डायपर तेवढे नजरेआड करायचे. मुक्ताईनगरला अक्का डोळे मिटून उभी होती, तर तिच्या खांद्यावरून मोबाईल पुढे आला. दादासाहेबांना सेल्फीत एक आजारी भक्त हवी होती.

देवीच्या ठिकाणाचं नाव देत नाही, तिथली माणसं भली आहेत. दुपारची वेळ. पळसाची झाडं, मागे डोंगर, आणि झाडाखाली वरणबट्टीचा स्वयंपाक. गोवऱ्यांच्या आरात कणकेच्या गोल बट्ट्या भाजत होत्या. बसमध्ये अक्काशेजारी धुळ्याकडच्या एक आजी बसायच्या. अक्का दोन दिवस नुसतं पाणी पितेय, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी आरातून एक बट्टी काढली, अक्कावरून उतरवली आणि माझ्या हातात दिली.

"हाई नालामा टाकी ये. मांगे वळीसन दखू नको."

मागे न बघता नाल्यात टाकून ये, म्हणे. मी वाद घातला नाही. अक्का माझ्याकडे ज्या आशेने बघत होती, त्यापुढे माझी पुस्तकं काय कामाची?

पण नाला पाहिला... आणि काठावरच थांबलो. माझ्याआधी आलेल्या सगळ्यांची पीडा तिथे साचली होती. फुगलेला भात, बट्ट्या, बुरशी आलेले नारळ, बांगड्या, द्रोण. वर हिरवट साय, सायीवर माश्या. एक कुत्रं त्यात उभं राहून खात होतं, ओकत होतं, आणि पुन्हा तेच खात होतं. जरा खाली त्याच पाण्यात आमच्याच स्वयंपाकाची पातेली विसळली जात होती.

या उकिरड्यात आणखी एक भर घालायची? मला ते जमलं नाही. परत न्यावी तर अक्का हिरमुसणार. म्हणून बट्टीवरची राख झटकली आणि खाऊन टाकली. चांगली खरपूस होती.

शेवटचा घास चघळत परतलो. आजींनी कपाळावर हात मारला. "खाई गया? येडा शे का रे तू?"

"मीठ थोडं कमी होतं, माय," मी म्हणालो.

"दात काय काढतो, मेल्या!" अक्का चिडली. मग जरा थांबून म्हणाली, "बापू... वरण वाढ बरं. तूप घाल वरून."

ती जेवली. बट्टी कुस्करून, बोटं चाटून, दुसरी मागून घेऊन जेवली. मला रडू यायला लागलं, म्हणून मी माझ्या पत्रावळीवर वाकलो... आणि उठून झाडामागे पळालो. वरणाला असा वास येत होता, की काय सांगू. दादासाहेब तोवर अक्काच्या बाजूला बसून फोटो काढत होते: 'आमच्या यात्रेचा चमत्कार.'

ऊन लागलं असेल, असं समजलो. आजतागायत ते ऊन उतरलेलं नाही. भरीत, भाकरी, चहा, सगळ्याला तोच वास. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, सगळं साफ. टेन्शन घेऊ नका, म्हणाले. पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलंय.

मध्यंतरी अक्का घरी आली होती. मी ताट सरकवल्यावर तिने विचारलं, "कसला वास येतो रे तुले?"

"ओलं गोणपाट असतं ना? त्यावर फवारणीचं औषध सांडल्यासारखा. आणि मागून..."

"कुजक्या गुळाचा," अक्का म्हणाली.

तिचा घास हातातच राहिला. स्वयंपाक करणाऱ्या सुनेला वाईट वाटेल म्हणून तिने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

अक्काची चव परत येणारच होती, हे मला मान्य आहे. माझं नाक बिघडू शकतं, हेही मान्य. पण एकाच पंगतीत? आणि तोच गूळ?

अक्का मागे लागलीय, "चल परत देवीले. या वेळी मी उतरवते तुझ्यावरून." मी म्हणतो, माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. ती मला हेकट म्हणते. म्हणू दे. ते माझ्यावरून निघालं तर जाईल कुठे, हे मला ठाऊक नाही... आणि बट्टी तिच्या हातात असणार.

हल्ली ती आली की दोन भाकरी खाते. मी समोर बसतो, तोंडाने श्वास घेत.