तेरेसांच्या मुलापुढचा रकाना

वसुधाताईंशी माझी ओळख झाली ती बोलणी खाऊन. पुण्याहून संशोधनासाठी सिंगापूरला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. ताई कायद्याच्या प्राध्यापकपदावरून निवृत्त झालेल्या. शेजारच्या एका देशातल्या यादवीत ज्यांची माणसं नाहीशी झाली, त्यांच्या जबान्या त्या नोंदवत होत्या आणि टायपिंगला कुणीतरी हवं होतं. मी मोठ्या उत्साहाने गेले.

ताईंची एक शिस्त आहे. लिहून घेतलेली जबानी त्या सांगणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवतात. त्याने होकार दिल्याखेरीज कागद फायलीत जात नाही. त्या रविवारी हॉकर सेंटरच्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतल्या, टेबलापाशी समोर तेरेसा होत्या. इथल्या पुंगोल भागात एका घरी त्या कामाला आहेत आणि सुट्टी रविवारचीच. त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलाला गणवेशातल्या माणसांनी घरातून ओढून जीपमध्ये घातलं, त्याला वीस वर्षं झाली. ताई वाचता वाचता थांबल्या. मुलाच्या नावापुढे, 'सद्यस्थिती'च्या रकान्यात, मी 'मृत' असं टाइप केलं होतं. का, तर रकाना रिकामा बरा दिसत नाही!

तेरेसांनी पिशवी उचलली आणि त्या जायला उठल्या.

"कुणी ठरवलं? तू? प्रेत पाहिलंस?" ताई कडाडल्या. "अगं, हाच शब्द मान्य करून सही दे म्हणून तिथलं सरकारी ऑफिस वीस वर्षं यांच्या मागे लागलंय. यांनी नाही दिली. आणि तू चहा पिता पिता लिहून मोकळी झालीस!"

मी तो शब्द खोडला आणि सगळ्यांदेखत उभी राहून तेरेसांची माफी मागितली. त्या पुन्हा बसल्या, आणि ताईंनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. नंतर ताईंनी मला घरी नेऊन पिठलं-भात वाढला. "जेव गं. उपाशी राहून चूक सुधारत नाही," एवढंच म्हणाल्या.

त्या सहीची मेख मला उशिरा कळली. आईने मुलगा मेल्याचं लिहून दिलं की फाईल बंद. मग त्याला कुणी नेलं, कुणाच्या हुकमाने नेलं, हे विचारायलाच नको! चोर तो चोर वर शिरजोर, दुसरं काय?

त्या सरकारी ऑफिसच्याच मंडळींनी पुढे इथल्या एका हॉटेलात 'सलोखा मेळावा' भरवला. फुलं काय, मेणबत्त्या काय, फोटोवाले काय! तेरेसांना स्टेजवर बोलावलं, कशाला, तर तिथल्या एका निवृत्त अधिकाऱ्याशी हस्तांदोलन करायला. आयोजक गोड आवाजात म्हणाले, "आता पुढे बघायला हवं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई मात्र शांतपणे उठल्या आणि दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"पुढे जरूर बघू. पण यांचा मुलगा मागे राहिलाय. आधी नेणाऱ्यांची नावं सांगा, मग कबुली द्या, मग माफी मागा. हात द्यायचा की नाही, ते त्यानंतर तेरेसा ठरवतील."

फोटो निघाला नाही. ताईंना पुढच्या कुठल्याच मेळाव्याचं आमंत्रण आलं नाही, त्याचं त्यांना सोयरसुतकही नाही. दर रविवारी त्या टेबलापाशी असतात. मुलाला कुणी नेलं याची चौकशी व्हावी म्हणून तेरेसांनी तिकडे अर्ज केला होता; अखेर त्यावर सुनावणीची तारीख लागली. आजवर ती तीनदा पुढे ढकलली गेली. निमित्त दर वेळी नवं असतं, पण हिशोब उघड आहे: साक्ष देणाऱ्या आया थकल्या, जबान्या घेणाऱ्या ताई थकल्या, की आपोआप सगळं मिटेल. लाज कशी वाटत नाही या लोकांना?

ताईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकासाठी चार शब्द सांगा, असं मी गेल्या रविवारी तेरेसांना म्हटलं. त्यांचे शब्द त्यांना वाचून दाखवून, होकार घेऊनच इथे देते आहे:

"मॅडमना सांग, गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या. तारीख लागेल तेव्हा माझ्या शेजारी तुम्हीच बसायचंय. रकाना अजून रिकामा आहे."