लंगडी चढाई

इथे आखातात, आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या सुदेशचा उजवा गुडघा खरंच दुखतो, यावर त्याच्या घरात कुणाचाच विश्वास नाही. दोष त्याचाच. दापोलीकडे कबड्डी खेळायचा तेव्हा हा चढाईला मुद्दाम लंगडत जायचा. समोरचे गाफील राहिले की दोघांना शिवून मधल्या रेघेपलीकडे हजर. हा पराक्रम त्याने बायकोला, मुलीला, आम्हा शेजाऱ्यांना आणि अल क्वोजच्या त्याच्या गोदामातल्या झाडून सगळ्यांना इतक्यांदा ऐकवलाय, की आता तो कामावरून लंगडत आला तरी समिधावहिनी म्हणतात, "झाली यांची चढाई सुरू."

मुलगी केया फ्लॅग फुटबॉल खेळते. खेळ अमेरिकन, पण अंगाला झोंबायचं नाही. कमरेला पट्ट्या लोंबतात. चेंडूवालीची पट्टी ओढली की तिची धाव संपली. चेंडू फेकते ती क्वार्टरबॅक, आणि वाटलं तर ती चेंडू घेऊन पळूही शकते. सुदेशच्या मते ही कबड्डीच, फक्त श्वास घ्यायला परवानगी. केयाला मात्र बापाने मैदानावर तोंड उघडलेलं खपत नसे.

फायनललाच कोच तापाने आडवे झाले. बाकी आम्ही सगळे पालक अचानक फोनमध्ये बघू लागलो, आणि सुदेश पुढे झाला. कप मिळाला न मिळाला, मुलीने एकदा तरी 'बाबा, तुमचं बरोबर होतं' म्हणावं, एवढ्यासाठी तो आसुसला होता. हे तो मला पार्किंगमध्येच बोलला होता.

समोरची क्वार्टरबॅक दुआ. घोट्याला पट्टा बांधून लंगडत आली. शहाण्या माणसाने काय करावं? तिला पळता येत नाही, तर दोघींना थेट अंगावर धाडावं, चेंडू फेकायला उसंतच देऊ नये. केयाने नेमकं हेच सांगितलं. पण चोराच्या मनात चांदणं.

"लंगडतेय म्हणजे पळणार," सुदेश म्हणाला. "खलास. दोघी दोन कडांना थांबा आणि वाट अडवा."

दोघी थांबल्या. दुआ बसची वाट बघावी तशी निवांत उभी राहायची आणि मनाजोगता चेंडू फेकायची. ती पळत नव्हती, यातही सुदेशला तिची हुशारीच दिसत होती. आमच्या पोरींनीही तेवढेच गुण केले म्हणून सामना बरोबरीत तरी राहिला. आम्ही पालक मात्र आता फोन सोडून मोठमोठ्याने सल्ले देत होतो. जबाबदारी दुसऱ्याची असली की अक्कल आपोआप सुचते.

शेवटचा डाव दुआकडे होता. केया बापाजवळ आली. डोळ्यांत पाणी.

"बाबा, प्लीज. शी इज रिअली हर्ट. रश हर."

सुदेश विरघळला. दोघींनाही अंगावर जायला सांगितलं. दुआने मोकळी झालेली कड बघितली, चेंडू पोटाशी धरला आणि थेट शेवटच्या रेघेपलीकडे पळाली. तिच्या पट्टीला कुणाचं बोटही लागलं नाही. आम्ही हरलो.

हरलेल्या माणसाचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता. "बघितलंत? नाटक होतं," मला म्हणाला, आणि केयाची वाट बघू लागला.

केया आलीच नाही. ती दुआकडे गेली होती. दुआ रेघेपलीकडे बसली होती, उठता येत नव्हतं. पट्टा सोडला तर घोटा वांग्यासारखा जांभळा, टरारून सुजलेला. वाट मोकळी दिसली म्हणून पळाले, असं ती रडत रडत सांगत होती. तिच्या वडिलांनी तिला उचलून नेलं. सुदेश ते बघत राहिला. मला त्याची कीव आली.

गाडीकडे जाताना तो लंगडत होता. केया मागून येत त्याच्या गुडघ्याकडे बघत होती.

"बाबा, गावाला ते लंगडणं फेक होतं ना?"

"हो गं. तेव्हा सगळं नाटकच."

"अँड नाऊ?"

एरवी गोष्ट सांगायला सदा तयार असलेला माणूस वाकून गुडघा चोळू लागला. "आता दुखतं," तो म्हणाला.

केयाने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि त्याचा हात आपल्या मोकळ्या खांद्यावर ठेवून घेतला. घरी पोचलो. आमची दारं समोरासमोर. समिधावहिनींनी दार उघडलं, नवऱ्याचं लंगडणं बघून त्यांना हसू फुटलं आणि त्या नेहमीचं वाक्य बोलणार, एवढ्यात केया म्हणाली, "मम्मा, डोन्ट."