आप्पांच्या मापाचा कोट

सुनेनं आज जुनी ट्रंक उन्हात उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी मी बेळगावाशेजारच्या शहापुरात, आमच्या हातमागाच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. मी बेळगावात वकिलीच्या पहिल्या वर्षाला होतो आणि कलमं पाठ करून जीव विटला होता. कॉलेज सोडून मागावर बसतो, हे वडिलांना, आप्पांना सांगायचंच, असं ठरवून त्या संध्याकाळी घरी आलो होतो.

आप्पांनी हातातला विणायचा धोटा बाजूला ठेवला आणि काळा कोट पुढं धरला. वकिलीची सनद अजून लांब होती, पण कोट तयार. शिंप्याकडं जायचं मी टाळत होतो, म्हणून त्यांनी स्वतःचंच माप देऊन टाकलं होतं.

"लई ढगळ हाय, आप्पा."

"भरशील रं हळूहळू. घाल."

सुताच्या खळीनं खरखरीत झालेल्या बोटांनी त्यांनी गळ्यापर्यंत एकेक बटण लावलं. दुसऱ्या दिवशी मी परत कॉलेजला गेलो.

आप्पांनी मला कोंडलं, असंच तेव्हा वाटलं. आता वाटतं, शिंप्याच्या आरशासमोर तो कोट घालून आधी तेच उभे राहिले असतील.

मी जन्मभर वकिली केली. आज ट्रंकेतला तो कोट चढवून पाहिला. अंगाला अगदी बरोबर बसला. गळ्याचं बटण तेवढं लावलं नाही.