आमच्या ओठावरचा मूळ पुणेकर

आमच्या घराला कशाचाही गर्व होऊ शकतो. राहतो कात्रजला, पण तोरा असा की बाहेरून आलेल्यांना पुण्याची हवा आमच्या परवानगीने मिळते. बायको वर्ध्याची. लग्नानंतर दोन महिन्यांत माझ्या ओठावर फोड उठले आणि आईने निदान करून टाकलं, "हे तिकडून आलंय." त्या दिवसापासून घरात बायकोचा पेला वेगळा. बावीस वर्षं.

मला पहिला फोड शाळेत असताना, स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी उठला होता. तेव्हा आईने त्याला उष्णता म्हणून सब्जाचं पाणी पाजलं होतं. आपली ती उष्णता, सुनेचा तो संसर्ग. मी मात्र गप्प राहिलो. घरात शांतता नांदावी म्हणून, असं स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे पेला माझा वेगळा नव्हता.

भाची विषाणूंवर संशोधन करते. ओठावर फोड आणणाऱ्या या विषाणूच्या जनुकांत प्रदेशागणिक बारीक फरक असतात. तो बहुधा लहानपणी घरातूनच मिळतो आणि जन्मभर मुक्काम ठोकतो, असं तिने सांगितलं. एवढं ऐकूनही मी तिला नमुना द्यायला उत्साहाने ओठ पुढे केला. अस्सल पुणेरी असल्याचा दाखला मिळेल, अशी माझी अक्कल. फोड उठले तसे तिने आईचे आणि बायकोचेही नमुने नेले.

काही महिन्यांनी ती निकाल घेऊन आली. "मामा, तुझा आणि आजीचा एकच निघाला. मामीचा वेगळा."

"म्हणजे आमचा मूळ पुण्याचा ना?" आईने विचारलं.

"आजी, विषाणू आहे तो."

"असेना. पण कुठला?"

"त्यावर गावाचं नाव नसतं. पण मामाला तो मामीकडून आलेला नाही. तुझ्याकडून आला असणार."

"ऊन फार वाढलंय," म्हणत आई स्वयंपाकघरात गेली.

बायको माझ्याकडे वळली. "अहो, लग्नाआधी उठायचे का तुम्हाला?"

"शाळेत. एकदोनदा."

"आणि बोलला नाहीत."

"आई दुखावली असती गं."

"अस्सं. मग आता जा, आईंना सांगा. मी इथून ऐकते."

गेलो. दाराशी उभं राहून, फरशीकडे बघत शाळेतल्या फोडाचं सांगितलं.

"माहीत आहे मला," आई ओटा पुसत म्हणाली. "न आठवायला काय झालं?"

बाहेर बायको भाचीला म्हणाली, "चल, तुला स्वारगेटला सोडते." चपला घालताना तिने मला येता का म्हणून विचारलंही नाही.