खाट सोडायची नाही

मांडवीत कुणाला इस्पितळात न्यायचं झालं, की आधी सत्यवतीला हाक जायची. बाई मासळी विकणारी, पण सिस्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळे तिच्या ओळखीचे. कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नसो, हिच्या पेशंटाला खाट मिळायचीच.

ही विद्या ती हौसेने शिकली नव्हती. करोनात तिचा नवरा जानू एक्स-रेला म्हणून खाटेवरून उठला; परत येईतो तिथे दुसराच निजलेला. जानू जमिनीवरच गेला. तेव्हापासून ती ज्याला त्याला बजावायची, "खाट सोडलीत तर मेलात." पुढच्या साथीसाठी म्हणून इस्पितळामागे नवी इमारत झाली. खाटा आल्या, ऑक्सिजन आला, माणसं काही नेमली नाहीत. कुलूप.

यंदा लावणीच्या दिवसांत तापाची साथ आली. पेशंट व्हरांड्यात निजू लागले. शेजारच्या विमलाला नुसती कणकण होती, तरी सत्यवतीने तिला ऑक्सिजनजवळची खाट मिळवून दिली. वर वाडीतली चार पोरंही खाटेपाशी उभी केली. गर्दी दिसली की इस्पितळ नमतं, हा तिचा अनुभव.

दुसऱ्या दिवशी सत्यवतीचा भाऊ रघू धापा टाकीत आला.

"मावशी, आज तुमच्यासाठीसुद्धा जागा नाही हो," सिस्टर म्हणाली.

सत्यवती तडक विमलाकडे गेली. "ऊठ गो जरा. रघ्याला श्वास पुरत नाय."

विमलाने मुलाकडे, विनोदकडे बघितलं. तो खाटेची कड धरून उभा राहिला. "काकी, तूच सांगितलंस ना, उठायचं नाय म्हणून?"

"मेल्या, पेज खातेय ती!"

"जानूकाकापण चालतच गेलेले एक्स-रेला."

सत्यवतीने सिस्टरला हाक मारली. सिस्टर दरडावायला आली, तशी ती चार पोरं पुढे सरली. एकटा डॉक्टर पलीकडे कुणाची तरी छाती दाबत होता. सिस्टर मागे फिरली.

शेवटी कोल्हापूरला न्यायला गाडी मिळाली. गाडीत ऑक्सिजन लावला, पण रघूने वाटेतलं पाली गावही ओलांडलं नाही.

पंधरवड्याने विमला आली. ठणठणीत. पदर डोळ्यांना लावून रडली. सत्यवतीने चहा टाकला. म्हणाली, "तुझ्या जागी मीपण उठले नसते गो."

विमलाने कप खाली ठेवला. "आमच्या विनोदच्या आरोहीला कालपासून ताप आहे. येशील ना सोबत? तुझ्याशिवाय खाट कोण देणार?"

"पोर खेळतेय ना? मग घरी ठेव. पाणी पाज. धाप लागली तर ने."

विमला उठली. दारात चपला घालताना म्हणाली, "स्वतःचा भाऊ होता तेव्हा बरी धावलीस."